तीन वाजले म्हणजे नऊ वाजले

टांझानियातल्या एका जिल्ह्याच्या गावी स्वयंसेवक म्हणून पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पाणीपुरवठा कचेरीतल्या मुख्य इंजिनिअरांची भेट हुकवली. माझ्या हिशेबाने मी वेळेवर गेलो होतो. ‘सा तातू’ असा निरोप आला होता. सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. एवढी स्वाहिली मला येत होती आणि येते याचा थोडा तोराही होता. दुपारी तीनला दहा मिनिटं असताना इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखोटीला मारून मी दारात हजर. साहेब सकाळी नऊपासून वाट पाहून अकराला दौऱ्यावर निघून गेले होते. शिपायाने खुर्ची पुढे केली आणि ‘पोले’ म्हणाला. पोले म्हणजे तुमच्या त्रासाचं वाईट वाटतं. चूक कुणाचीही असो, ज्याला त्रास झाला त्याला हे म्हणायचं.

स्वाहिली बोलणाऱ्यांचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो. सात वाजता दिवसाचा पहिला तास भरतो, म्हणून तेव्हा ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला. आपले नऊ ते त्यांचे तीन. भिंतीवरच्या घड्याळात काटा नवावरच असतो, तोंडाने मात्र तीन म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या आजीलाही वाटलं नसतं. पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजतात आणि ती आयुष्यभर त्याच हिशेबाने चालली. दिवस मध्यरात्री बदलतो असं मानणारा घरातला पहिला माणूस बहुधा मीच.

निघण्याआधी जी यादी माझ्या हातात पडली होती, तिच्यात मच्छरदाणी, टॉर्च, झाकणाची बादली, सगळं होतं. घड्याळाचं एक अक्षर नव्हतं. या प्रकरणात त्या यादीबद्दल थोडं सांगेन, तिच्यात न मावणाऱ्या गोष्टींबद्दल जास्त.

परदेशात जाऊन वर्ष-दोन वर्षं, तिथल्या राहणीमानापुरत्या भत्त्यावर, तिथल्या लोकांच्या कामात हात घालायचा ही पद्धत आजच्या रूपात फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये ॲलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने १९५८ मध्ये व्हीएसओ ही स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. पहिल्या खेपेला शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरं बोर्निओ बेटावरच्या सारावाकला धाडली होती. १९६१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत केनेडींनी पीस कोर काढलं, १९६५ मध्ये जपानने आपली तुकडी उभी केली, १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने यूएनव्ही या आपल्या स्वयंसेवक-योजनेला मान्यता दिली. अठरा वर्षांचं पोरगं तिथे जाऊन नेमकं काय करणार, हा प्रश्न यथावकाश सगळ्यांनाच पडला. आज व्हीएसओला हाताशी कसब असलेली माणसं लागतात: परिचारिका, शिक्षकांना शिकवणारे, हिशेबनीस, इंजिनिअर. आणि ती फक्त गोऱ्यांच्या देशांतून येत नाहीत. भारत, फिलिपिन्स, केनिया, युगांडा इथूनही तिने माणसं घेतली आहेत.

स्वयंसेवेच्याच नावाखाली एक दुसरा धंदाही चालतो. त्यात तुम्हीच पैसे भरायचे, दोन आठवडे अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळायचं आणि फोटो घेऊन परत यायचं. कंबोडियातल्या असल्या आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत निघालं. पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात, असा तो उलटा व्यवहार. त्याच्या तयारीबद्दल मला काही सांगायचं नाही. त्या वाटेला जाऊ नका.

आता १९६१ सालाकडे. ३० ऑगस्टला पीस कोरची पहिली तुकडी घानाच्या अक्रा विमानतळावर उतरली आणि धावपट्टीवर उभं राहून तिने घानाचं राष्ट्रगीत त्वी भाषेत म्हटलं. लोक खूश झाले. पुरते दोन महिने व्हायच्या आत जवळच्याच नायजेरियात उलटं घडलं. इबादानच्या विद्यापीठात प्रशिक्षण घेणाऱ्या एका अमेरिकन तरुणीने घरी मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. इथली घाण, मागासलेली राहणी, लोक सगळं रस्त्यावरच करतात, अशा धर्तीचा मजकूर. कार्ड पेटीत पडण्याआधी वाटेत गळलं आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती लागलं. बघता बघता त्याच्या प्रती विद्यापीठभर फिरल्या, निषेधाच्या सभा झाल्या, ‘हे हेर आहेत, यांना परत पाठवा’ अशा मागण्या झाल्या. मुलीला देश सोडावा लागला.

तिने खोटं लिहिलं होतं असं नाही. तिच्या डोळ्यांना दिसलं ते तिने आपल्या माणसाला कळवलं, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ते हे कधी वाचतील असं तिच्या मनात आलं नाही. आज कार्ड रस्त्यात पडायचीही गरज नाही. पोचल्याच्या संध्याकाळी आपण स्टेटसला फोटो टाकतो, खाली दोन ओळी लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्याचा नंबर सेव्ह करतो. त्यालाही ते दिसतं. म्हणून माझा एक साधा नियम आहे: पहिले तीन महिने लिहायचं ते वहीत. आणि वहीतही असं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ते उघडून वाचलं तरी त्याच्यासमोर मान खाली घालायची वेळ येऊ नये.

तयारीतला सगळ्यात मोठा वाटा मी भाषेला देईन. इंग्रजीवर भागेल असं सांगणारे भेटतात. कचेरीत भागतं, विहिरीवर भागत नाही. मराठी माणसाला स्वाहिलीचं निम्मं ओझं आधीच उचललेलं मिळतं, ते त्याला माहीत नसतं इतकंच. पैशाला पेसा, आंब्याला एम्बे, चपातीला चपाती, विम्याला बिमा, मोटारीला गारी. खबर, किताब, वकील, दुनिया हे अरबीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. एक लाखाला ते लाकी म्हणतात. शिलिंगांचा हिशेब लाखात ऐकला की जीव भांड्यात पडतो. वडीलधाऱ्यांना भेटताना ‘शिकामू’ म्हणायचं, त्यांनी ‘माराहाबा’ म्हणायचं. शिकामूचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’ असा सांगतात. गोऱ्या स्वयंसेवकाला हे शिकवावं लागतं. आपल्याला फक्त वाकण्याऐवजी बोलायचं असतं.

अवघड आहे ते क्रियापद. ते मालगाडीसारखं डबे जोडत जातं. ‘निनाकुसाइदिया’ या एका शब्दात नी म्हणजे मी, ना म्हणजे आत्ताचा काळ, कु म्हणजे तुला, आणि साइदिया म्हणजे मदत करणं. मी तुला मदत करतोय. शेवटच्या डब्याला ‘ना’ जोडला की साइदियाचं साइदियाना होतं, म्हणजे एकमेकांना मदत करणं, आणि मग मधला तो कु, तुला, टिकतच नाही. रोज तासभर, तीन महिने दिले तर बाजारहाट, नमस्कार-चमत्कार आणि कामाची पन्नास वाक्यं एवढं निघताना हाताशी असतं. पीस कोर आपल्या लोकांना सेवेच्या दोन वर्षांआधी सुमारे तीन महिने देतं ते उगाच नाही. व्याकरण चुकलं तर लोक हसतात, आणि हसल्यावर शिकवतात.

आता गोऱ्यांच्या पुस्तकांत न सापडणारी गोष्ट. टांझानियात उतरलेला भारतीय तिथे कोऱ्या पाटीसारखा उतरत नाही. त्याच्या आधी तिथे शंभर वर्षं दुकान टाकून बसलेला भारतीय असतो. भारतीयांना वाहिंदी म्हणतात आणि त्या शब्दामागून दुकानदार, घरमालक, उधारीची वही ही सगळी चित्रं येतात. ५ फेब्रुवारी १९६७ ला टांझानियाचे तेव्हाचे अध्यक्ष न्येरेरे यांच्या पक्षाने अरुशा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि देशाने समाजवादाची वाट धरली. भांडवलशाहीला स्वाहिलीत रुळलेला शब्द आहे उबेपारी, आणि भांडवलदाराला बेपारी. कानाला ओळखीचा वाटतो ना? तो आपला व्यापारीच. न्येरेरेंनी १९६९ मध्ये शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चं भाषांतर केलं, त्यातल्या व्यापाऱ्याला त्यांनी हाच शब्द लावला. १९७१ मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, त्यातल्या बऱ्याच भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या. पुढच्याच वर्षी शेजारच्या युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. तो प्रकार वेगळा आणि फार क्रूर. पण दोन्हीकडच्या आठवणी आजही लोकांच्या बोलण्यात असतात.

हे सगळं ठाऊक असलं की काही गोष्टी अंगाला लागत नाहीत. बाजारात भाव करताना कुणी हसून ‘तुम्ही लोक तर यात पटाईत’ म्हणालं, तर राग येत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईशी आपण कोणत्या सुरात बोलतो याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, हे लक्षात राहतं. आणि दार-ए-सलाम, नैरोबीत मराठी मंडळी आहेत, गणपती बसतात, पुरणपोळी मिळते, तरी प्रत्येक सुट्टी तिकडेच घालवायची नाही हेही. मी पहिले दोन महिने दर शनिवारी शहरात पळालो. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारलं, ‘तुझं घर इथे आहे की तिथे?’ त्यानंतर तिकडच्या फेऱ्या आटल्या.

माझं काम हापशांचं. आफ्रिकेतल्या गावोगावच्या हापशांकडे पाहिलं की आपल्याला आपलंच काहीतरी दिसतं, कारण ते खरंच आपलं आहे. साठच्या दशकात भारतातल्या खेड्यांत बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात एखाद-दुसऱ्या कुटुंबासाठी घडवलेले होते. गावातल्या शेकडो बायांनी दिवसभर दांडा हापसल्यावर ते मोडायचे. मग जालन्याला आणि सोलापूरला मिशनच्या विहीर-बोअरच्या कामातल्या लोकांनी पोलादी पंप जुळवले. त्यांना जालना पंप, सोलापूर पंप अशीच नावं पडली. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने मिळून इंडिया मार्क टू घडवला. आज जगात सगळ्यात जास्त बसवलेल्या हापशांपैकी तो एक आहे. युगांडात त्याला यू टू म्हणतात.

छाती फुगवायची असेल तर इथे फुगवावी आणि पुढचं ऐकावं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे एक तृतीयांश हापसे बंद असल्याचं या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अंदाजात दिसलं. पंप वाईट म्हणून नव्हे. वायसर झिजतो, तो जिल्ह्याच्या गावीही मिळत नाही. काही ठिकाणी भूजल असं असतं की जस्ती पाइप खाऊन टाकतं. मार्क टूचा सिलिंडर खालून काढायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, तिकाटणं लागतं, कसबी माणसं लागतात, गाडी लागते. म्हणून ऐंशीच्या दशकात गावालाच दुरुस्त करता येतील असे पंप घडवायचा विचार पुढे आला. मलावी-केनियात घडलेला आफ्रिदेव एका पान्याने उघडतो. आपल्याकडे मार्क थ्री आला, त्यात पाइप रुंद असल्याने पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो.

मी गेलो तेव्हा माझ्या कागदावर ‘हापसे बसवण्यास तांत्रिक साहाय्य’ असं लिहिलं होतं. गेल्यावर कळलं की बसवणारे तिथे माझ्यापेक्षा चांगले होते. जोसेफ म्हणू या, असा एक मिस्त्री नुसता दांडा दोनदा हलवून सांगायचा की खाली वायसर गेलाय की पाइपच्या जोडाला भोक पडलंय. मी दोनदा पंप उघडून पाहिला, दोन्ही वेळा तो बरोबर. नव्हतं ते सुट्या भागांचं दुकान, आणि दर महिन्याला घरटी शिलिंग गोळा करून ठेवणारी वही. दोन वर्षांत मी एकही हापसा बसवला नाही. वह्या आखल्या, आणि एका हार्डवेअरवाल्याला वायसर ठेवायला राजी केलं. तो दुकानदार गुजराती होता.

कागदावरचं काम आणि जागेवरचं काम वेगळं निघणं हा अपघात नसून जवळजवळ नियम आहे. कागद लिहिला जातो वर्षभर आधी, लिहिणारा साहेब मधेच बदलून जातो, निधी आटतो. आपल्या विक्रोळीतलंच उदाहरण घ्या. जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष होण्याच्या दहा वर्षं आधी, १९६६ मध्ये, त्यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोरतर्फे इथे आल्या. जन्मतारीख १५ ऑगस्ट, तेव्हा इथला झेंडावंदनाचा दिवस तोच त्यांचा वाढदिवस. पेशाने परिचारिका. येण्याआधी त्या मराठी शिकल्या. नेमणूक होती कुटुंबनियोजनाच्या कामावर, ते काही त्यांच्या पचनी पडलं नाही. मन लागलं गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात, रोग्यांना हात लावून करायच्या शुश्रूषेत. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या पत्रांमुळे कुठे मोर्चा निघाला नाही.

जाऊच नये असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं ऐकून मग जावं. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे विचारवंत इव्हान इलिच यांनी खेड्यांत सेवा करायला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं. त्यांचा रोख असा: फिरायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण आमचं भलं करायला येऊ नका. कारण ज्याचं भलं करायला तुम्ही निघालात त्याची भाषाही तुम्हाला येत नाही, आणि तुमचा सद्हेतू त्याच्या काही उपयोगाचा नाही. मला हे पुरतं पटत नाही. मिस्त्रीला दुकानाची गरज होती आणि दुकानदाराच्या ओट्यावर बसून तासभर बोलायला माझ्याइतका मोकळा माणूस त्या कचेरीत नव्हता. पण निघताना स्वतःबद्दल फार बरं वाटत असेल, तर इलिचची आठवण औषधासारखी आहे.

तब्येतीचं थोडक्यात. युगांडा, केनियासारख्या देशांसाठी पीतज्वराची लस हवी. ती नेमलेल्या केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचावी लागते, आणि २०१६ पासून तिचं पिवळं पुस्तक जन्मभर चालतं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. मलेरियाबाबत मात्र आपली सवय घातक ठरते. ‘मलेरिया? मला तीनदा झालाय’ असं म्हणणारा माणूस बहुधा आपल्याकडच्या सौम्य जातीबद्दल बोलत असतो. आफ्रिकेत मुख्यतः फाल्सिपेरम आहे, आणि तो उपचाराविना काही दिवसांत जीव घेऊ शकतो. तिथे ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, ते डॉक्टरांनी ठरवायचं. आठवड्याला एकदा घ्यायच्या मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्नं पडतात, तेव्हा घरी असतानाच घेऊन पाहावी. व्हिक्टोरिया सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी त्यात पोहायचं नाही. गोगलगायींतून येणारा बिलहार्झिया कातडीतून शिरतो. हा रोग भारतात नाही असंच मानायचे, पण १९५२ मध्ये तो सापडला तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी गावी.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण नंतर तीच रडवतात. पासपोर्ट कचेरीतून पोलिसांचा ना-हरकत दाखला, पदवीच्या प्रमाणपत्रांवरचे शिक्के, घरी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, चालू हप्ते बँकेतून आपोआप जाण्याची सोय. आई-वडील थकलेले असतील तर रात्री-अपरात्री धावून येईल असा शेजारी कोण, हे त्यांच्यासमोर बसून ठरवावं. फोनवर नव्हे.

पोटाचं म्हणाल तर उपास पडत नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मक्याला माहिंदी म्हणतात, म्हणजे तिथेही आपलंच नाव आडवं आलं. म्चिचा म्हणजे आपल्या माठाची बहीण, कचुंबारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, आणि वितुंबुआ आप्पेपात्रासारख्याच भांड्यात होतात. शाकाहारी असाल तर ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नका, कोंबडी आणि मासे वेगळे सांगा. त्यांच्या लेखी ते मांसात मोडतीलच असं नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. मेतकूट न्या. कुकर न्या, आणि कुकरच्या दोन रिंगा जास्तीच्या न्या.

हे सगळं जमवायच्या आधी एक पत्र लिहा, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांना. संस्थेच्या मुंबई-दिल्लीच्या कचेरीला नव्हे. त्यात तीनच गोष्टी विचारा. हे काम माझ्याआधी कोण करत होतं आणि ती व्यक्ती आता कुठे आहे? मी रोज कुणाच्या शेजारी बसणार? आणि मी परत गेल्यावर हे कोण करणार, त्याचं नाव आजच सांगता येईल का? उत्तर कितीही मोडक्या इंग्रजीत येऊ दे, तीन नावं आली तर बॅग भरा. गुळगुळीत इंग्रजीत, एकाही नावाशिवाय आलं, तर तिकीट काढू नका.